ओट्याची उंची कोण ठरवतं?

घर बांधायचं ठरलं की आपल्याकडे आधी मुहूर्त बघतात, मग पैशांची जुळवाजुळव होते आणि मग प्लॅन. आता हा प्लॅन ठरतो कुठं? तर हॉलमध्ये. घरचे कर्ते पुरुष, भावकीतले एखादे जाणते काका, पुण्याहून फोनवर असलेले मेहुणे, ठेकेदार आणि प्लॅन काढणारा माणूस अशी पंचायत बसते. ज्या बाईला त्या घरात दिवसाचा बहुतेक वेळ काढायचाय ती त्या वेळी असते कुठं? आत. चहा टाकायला! चहा घेऊन बाहेर येते तेव्हा टीपॉयवर पसरलेल्या कागदावर एक ओझरती नजर टाकते. कोणीतरी म्हणतं, ‘बघ गं, किचन केवढं मोठं दिलंय तुला!’ ती हसते आणि रिकामा ट्रे घेऊन आत जाते. झाली तिची संमती!

मी गेली वीस-बावीस वर्षं तालुक्याच्या गावात घरांचे प्लॅन काढतेय आणि हा ट्रे मी शेकडो वेळा बघितलाय. त्यामुळे माझं मत आता पक्कं झालंय, ते आधीच सांगून टाकते. घरातल्या बाईशी बोलल्याशिवाय काढलेला प्लॅन अर्धा असतो. तो पुरा समजून त्यावर पाया खणणं म्हणजे स्वतःचे पैसे मोजून पुढच्या चाळीस वर्षांची कंबरदुखी विकत घेणं.

माझी ओळख थोडक्यात सांगते. मी आर्किटेक्ट नाही. १९७२ च्या कायद्यानं ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद नोंदणी असलेल्यांसाठीच राखून ठेवलंय, म्हणून माझ्या पाटीवर ‘घराचे प्लॅन काढून मिळतील’ एवढंच आहे. मी आयटीआयला ‘ड्राफ्ट्समन सिव्हिल’ केलं. (नावातच ‘मन’ आहे बघा, आमच्या बॅचला आम्ही तिघीच मुली होतो.) तेव्हा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन असायचं. रेघ चुकली की ब्लेडनं हलक्या हातानं खरवडून काढायची. मग कॉम्प्युटर आला, ऑटोकॅडचा क्लास केला. लग्न झालं, मुलं झाली. पुढे घरातच एका कोपऱ्यात टेबल टाकलं आणि काम सुरू केलं. आता घराचे प्लॅन काढायची तयार सॉफ्टवेअर मिळतात. भिंत ओढा, दार ठेवा, लगेच थ्री-डी चित्र तयार! नगरपालिकेत दाखल करायच्या नकाशावर सही-शिक्का परवानाधारक इंजिनिअरचा असतो आणि लोखंडाचा हिशोबही त्यांचाच. घर आतून कसं असावं, ते मात्र बहुतेक वेळा माझ्या टेबलावर ठरतं.

आता या सॉफ्टवेअरची एक गंमत सांगते. गंमत कसली, दुखणंच आहे ते! ही घर डिझाइन करायची बरीचशी सॉफ्टवेअर अमेरिकेत, युरोपात तयार झालेली. त्यामुळे त्यांच्या पोटात घर असतं ते तिकडचं. किचनचं कपाट ओढून भिंतीला लावलं की ओटा आपोआप येतो, ३६ इंच उंच. म्हणजे साडेचौतीस इंचाचं कपाट आणि वर दीड इंचाची फळी. अमेरिकेतलं हे ठरलेलं माप. आपण काही विचारत नाही, ते काही सांगत नाही, माप गुपचूप येऊन बसतं. प्लॅन छापला जातो, गवंडी त्यावर बोट ठेवून ओटा बांधतो.

पण आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची आहे पाच फुटांच्या आसपास. आणि तिकडे शेगडी बहुतेक ओट्यातच बसवलेली असते किंवा ओव्हनच्या डोक्यावर ओट्याच्या पातळीला. आपण काय करतो? ओट्यावर गॅसची शेगडी ठेवतो, ती चार-पाच इंचांची. तिच्यावर सहा-सात इंचांचं पातेलं. आता बेरीज करा बरं. छत्तीस, अधिक पाच, अधिक सहा म्हणजे सत्तेचाळीस इंच! पाच फुटांच्या बाईचा खांदा साधारण तेवढ्याच उंचीवर असतो. म्हणजे पिठलं हाटायचं तर कोपर खांद्याएवढा वर उचलून. दोन माणसांचा स्वयंपाक असेल तर निभतं. सणाला पंधरा माणसांचं पुरण हाटून बघा, मग रात्री कोणता खांदा दुखतो ते कळेल. पुन्हा नाव वयाचं! ‘तुझं वय झालं आता’ म्हणायचं आणि मलम लावायचं. ओट्याला कोणी दोष देत नाही.

उलटंही होतं. काही जुन्या घरांत ओटा अठ्ठावीस-तीस इंचांचा असतो, कारण गवंड्याच्या गुरूनं त्याला तेच शिकवलेलं. उंच सून आली की ती दिवसभर वाकलेली.

म्हणून मी सॉफ्टवेअरचं माप उडवते आणि बाईला ओट्याशी उभं करते. खांदे सैल सोडायचे, हात कोपरात काटकोनात वाकवायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायची. त्यातून चार-पाच इंच वजा केले की चिरायला, लाटायला, मळायला बरी उंची मिळते. पाच फुटांच्या बाईला हे माप बहुधा बत्तीस ते चौतीसच्या मध्ये येतं. ज्या घरात दोघी-तिघी स्वयंपाक करतात तिथं जी जास्त वेळ उभी राहते तिचं माप धरायचं. (ती कोण, यावर सासू-सुनांची माझ्यासमोर गोड चकमक झालेली आहे, तो भाग सोडून देते.) आणि शेगडीपुरता अडीच-तीन फुटांचा तुकडा तीन-चार इंच खाली घ्यायचा. कडप्प्याचा ओटा असो की ग्रॅनाइटचा, हा खाली घेतलेला तुकडा बांधताना विशेष खर्च नाही, गवंड्याला आधी सांगितलं पाहिजे एवढंच. ओटा बांधून झाल्यावर सांगाल तर मात्र तोडफोड!

भिंतींचंही तसंच. तिकडची आतली भिंत लाकडी सांगाड्याची, साडेचार इंचांची. आपली वीटकामाची, प्लास्टर वेगळं. घराच्या रुंदीत दोन बाहेरच्या नि दोन आतल्या भिंती येतात. नऊ-नऊ आणि सहा-सहा इंच धरा, अडीच फूट नुसत्या भिंतींतच जातात. सॉफ्टवेअरच्या भिंती तशाच ठेवल्या तर पावणेदोन फूट. हे मधले नऊ इंच कागदावर तुमच्या खोल्यांत दिसतात आणि प्रत्यक्षात गायब होतात. आणि ते जातात कुठून? हॉल कोणी कमी करू देत नाही, बेडरूममध्ये पलंग बसलाच पाहिजे. उरलं किचन! नऊ इंच म्हणजे काय फार, असं वाटतं. नऊ इंच म्हणजे फ्रिजचं दार पुरं उघडणं किंवा न उघडणं.

आणि त्या लायब्ररीत काय काय असतं म्हणता! बार्बेक्यू असतं, बाथटबच्या वीस तऱ्हा असतात, स्विमिंग पूल असतो, शेकोटीची फायरप्लेस असते. मोरी नसते. तुळशी वृंदावन नसतं. देवघर नसतं. वर्षाचे गहू-ज्वारी ठेवायची कोठी नसते. पापड-कुरडया वाळवायची गच्ची असते पण गच्चीवर नळ नसतो. धुणं-भांड्यांची जागा तर त्यांना ठाऊकच नाही, कारण त्यांच्याकडे सगळं मशीनच्या पोटात. आपल्याकडे मशीन आलं तरी खरकटी पातेली, तवा, कुकर बाहेरच घासायचे असतात आणि घासणारी बाई, घरातली असो की कामाची, बसून घासते. तिला पाणी वाहून जाईल असा उतार लागतो, डोक्यावर सावली लागते आणि पाठीला जागा लागते. मी या सगळ्याच्या आकृत्या स्वतः काढून ठेवल्यात. माझ्या कॉम्प्युटरवर ‘मोरी १’ पासून ‘मोरी ९’ पर्यंत फाइली आहेत. पण जो नवा मुलगा कोर्स करून थेट कामाला बसतो तो जे लायब्ररीत आहे तेच ओढतो. चूक त्याची तरी कशी म्हणायची? त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. सांगणारी आत चहा टाकत असते.

‘किचन केवढं मोठं दिलंय’ हेही मला पटत नाही, सांगून ठेवते. मोठं म्हणजे चांगलं असं नाही. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात १९२६ साली सरकारी वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर तयार झालं. ते केलं मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन बाईनं, त्या काळात वास्तुरचनेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या मोजक्या बायकांपैकी ती एक. ते होतं जेमतेम सव्वासहा फूट बाय अकरा फुटांचं! पण काम करणारीची पावलं, वळणं, लागणारा वेळ सगळं मोजून काढलेलं. तशी साधारण दहा हजार स्वयंपाकघरं तिथं बसवली गेली. पुढे त्यावर टीकाही झाली की बाईला एकटीला डबीत कोंडलं. तीही खरीच आहे. दोघींनी मिळून काम करायची सोयच नव्हती त्यात. पण मोजलं होतं, हे महत्त्वाचं. आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहितेत किचन कमीत कमी ५ चौरस मीटर आणि रुंदी १.८ मीटर असावी असं सांगितलंय, जेवायची जागा वेगळी असेल तर. पाच मीटर म्हणजे चोपन्न चौरस फूट. तेवढ्यातही चांगलं किचन बसतं. आणि बारा बाय चौदाच्या किचनमध्ये सिंक एका टोकाला, गॅस दुसऱ्या टोकाला, फ्रिज बाहेर हॉलमध्ये शोभेला, असं केलं तर बाई दिवसभर चालतच राहते. पायाला व्यायाम म्हणून ठीक आहे म्हणा!

थ्री-डी चित्राबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण हल्ली सगळी भुरळ त्याचीच. क्लायंट आले की पहिलं वाक्य, ‘मॅडम, थ्री-डी दाखवा ना.’ आता तर फोनवर एआयनं काढलेली चित्रं घेऊन येतात आणि म्हणतात असंच पाहिजे. त्या चित्रात खिडकीतून डोंगर दिसत असतो. आपल्या खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसणार आहे! थ्री-डी वाईट नाही, मीही देते. पण ते चित्र कसं बनतं ते माहीत असू द्या. कॅमेरा भिंतीच्या बाहेर ठेवून, मधली भिंत काढून टाकून आत बघता येतं. प्रत्यक्षात तुम्ही भिंतीतून बघणार नसता. कॅमेऱ्याचा कोन रुंद केला की दहा बाय दहाची खोली पंधरा बाय पंधराची भासते. सोफा जरा लहान मापाचा टाकला की हॉल ऐसपैस. ओट्यावर एक फुलदाणी आणि तीन लिंबं. कुकर नाही, डबे नाहीत, भाजीची टोपली नाही, मिक्सरची वायर नाही. अशा ओट्यावर कोण खूश होणार नाही?

म्हणून मी चित्र दाखवल्यावर लगेच होकार घेत नाही. प्लॉटवर जाऊया म्हणते. पायाची आखणी होते त्याच्या आधीच फक्की मागवायची आणि खोल्या जमिनीवर मारून घ्यायच्या, आतल्या भिंतींसकट. दारांच्या जागा मोकळ्या सोडायच्या. मग घरच्या सगळ्यांनी त्यात चालायचं. किचनमध्ये दोघींनी उभं राहायचं, एकीनं खाली वाकून कुकर काढल्यासारखं करायचं, दुसरीनं मागून जायचं. जिथं पलंग आहे तिथं सतरंजी टाकायची. बाथरूमचं दार आत उघडतं का बाहेर, ते हातानं करून बघायचं. हसतात लोक सुरुवातीला. पण दहा मिनिटांत खेळ गंभीर होतो. ‘अहो, इथं तर दोघी मावतच नाहीत!’ हे वाक्य मी फक्कीच्या रेघांवर जितक्या वेळा ऐकलंय तितकं थ्री-डीसमोर कधीच ऐकलं नाही. फक्कीला पैसे किती लागतात? जवळजवळ नाहीतच.

पण मुळात बाईला बोलतं कसं करायचं, हा माझ्या धंद्यातला सगळ्यात नाजूक भाग. हॉलमध्ये सगळ्यांदेखत ‘वहिनी, तुम्हाला काय पाहिजे?’ असं विचारून काही उपयोग नसतो. उत्तर ठरलेलं, ‘यांना विचारा’ किंवा ‘तुम्ही कराल ते चांगलंच.’ कर्त्या पुरुषालाही ते थोडं लागतं, आपल्याला डावललं असं वाटतं. म्हणून मी टेपचा उपयोग करते. ‘चालू घरातली मापं घ्यायचीत, भांडी किती, कपाट केवढं ते बघायचंय, टेपचं दुसरं टोक धरायला ताईंना पाठवा’ म्हणायचं. यावर कोणी हरकत घेत नाही. आणि एकदा आम्ही दोघी आत गेलो, ती टेपचं टोक धरून भिंतीशी उभी राहिली, की बोलायला लागते. आपोआप! हातात काम असलं की बाई बोलते.

काय काय सांगतात! एक शेतकरी घरातली बाई म्हणाली, किचनची खिडकी अशी द्या की फाटक दिसेल. नवरा शेतात, मुलं शाळेत, दिवसभर एकटी असते, कोण आलं ते दार उघडायच्या आधी कळायला हवं. प्लॅनमध्ये ती खिडकी मागच्या बाजूला होती, उजेडासाठी. एका मुलीनं, हो, मुलीनंच, नववीतली असेल, आईच्या मागं उभं राहून हळूच सांगितलं की संडास-बाथरूमचं दार हॉलमध्ये नको. पाहुणे बसलेले असतात आणि त्यांच्यासमोरून जावं लागतं. ‘त्या’ दिवसांत तर नकोच वाटतं. असा मुद्दा हॉलच्या पंचायतीत कधी निघेल का? दुसऱ्या एका घरात खाली पार्किंग आणि सगळ्या खोल्या वर असा प्लॅन दोन भावांनी मिळून पक्का केला होता. पैसे दोघांचे, त्यामुळे गाड्याही दोन. आजी ऐंशीच्या घरात. मी त्यांना सहज विचारलं, रात्री किती वेळा उठता? म्हणाल्या, चार वेळा. गुडघे? त्यांनी नुसता हात हलवला. भावांना मी ते आकड्यात सांगितलं, की एवढ्या पायऱ्या, इतके वेळा. मग एक गाडी रस्त्यावर आली आणि आजींना खाली खोली मिळाली, संडास लागून. मुलं वाईट नव्हती हो. कोणी तसं मोजलं नव्हतं.

वास्तूचा मुद्दाही इथंच येतो. मी वास्तूवर वाद घालत नाही, घर त्यांचं, श्रद्धा त्यांची. पण आग्नेयेला स्वयंपाकघर म्हटलं आणि प्लॉटला पूर्वेकडून रस्ता असला, की किचन येतं थेट रस्त्याच्या तोंडावर. मग किचनला लागून मोरी आणि मोरीबाहेर भांडी घासायची जागा, तीही दर्शनी भागात. येणारे-जाणारे बघणार आणि बाई पदर सावरत भांडी घासणार. अशा वेळी मी दक्षिणेच्या बाजूला जी मोकळी जागा सोडावी लागते तिकडे मोरीचं दार काढते. आग्नेयही राहते आणि आडोसाही. पण हे सुचायला ‘भांडी कुठं घासणार?’ हा प्रश्न आधी कोणीतरी विचारावा लागतो.

बायका सांगतील ते सगळं बरोबरच असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. टीव्हीवरच्या मालिकांमधलं बघून ‘ओपन किचन’ मागणाऱ्या पुष्कळ भेटतात. त्यांना मी एवढंच विचारते, ठेचा रोज करता का? मिरचीची फोडणी दिली की हॉलमधला पाहुणा खोकत बाहेर पळेल. मधे बेट काढून चहूबाजूंनी फिरायचं किचन मागतात, त्याला जागा किती लागते ते फक्कीवर दाखवलं की विषय मिटतो. ऐकायचं म्हणजे सगळं मान्य करायचं असं नाही. पण ऐकल्याशिवाय नाही म्हणायचं नाही, ही माझी रीत.

या रीतीपायी कामं गेलीसुद्धा आहेत. मागे एकदा बऱ्यापैकी मोठ्या बंगल्याचं काम आलं होतं. मी नेहमीप्रमाणे आत जायचं म्हटलं तर गृहस्थ म्हणाले, ‘आमच्याकडे यात बायका नसतात. मी सांगतो ते काढा.’ मी दोनदा समजावलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद परत मागवले आणि दुसरीकडे गेले. त्या महिन्याला मला त्या पैशांची गरज होती, नव्हती असं नाही. घरात दोन दिवस थोडी कुरबुरही झाली, ‘तुला काय करायचंय, सांगतील तसं काढायचं.’ पण सांगतील तसं काढायला मी कशाला हवी? त्यासाठी सॉफ्टवेअर आहे की!

बाईला विचारलं की खर्च वाढतो, हे वाक्य ठेकेदारांचं आवडतं. मला तर अनुभव उलटा आहे. कागदावर खिडकी सरकवायला मला पाच मिनिटं लागतात. लिंटेल पडल्यावर तीच खिडकी सरकवायला भिंत फोडावी लागते, मजुरी दोनदा, विटा वाया आणि घरात भांडण. खर्च वाढतो तो बाईला उशिरा विचारल्यामुळे, म्हणजे ओटा बांधून झाल्यावर ती जेव्हा पहिल्यांदा तिथं उभी राहते तेव्हा. म्हणून मी तिनं सांगितलेले मुद्दे नकाशाच्या कोपऱ्यात ‘सूचना’ म्हणून लिहून काढते, ओट्याची उंची, सिंक कुठं, माळा कुठं, मिक्सरचा पॉइंट कुठं, आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या घेते. नवऱ्याचीही आणि बायकोचीही. काही जणींनी त्या कागदावर इतकी सावकाश सही केली की विचारू नका.

सहीवरून आठवलं. आता घरं कागदोपत्री बायकांच्या नावावर व्हायला लागलीत, ही चांगलीच गोष्ट आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. प्रधानमंत्री आवास योजनेतही घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर असावं असा दंडक ठेवलाय, आणि गावाकडच्या योजनेत २५ चौरस मीटरच्या घरात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे. म्हणजे सरकारच्या लेखी ती मालकीण. सवलत घेताना तिचं नाव पुढं. मग तिच्याच नावावरच्या घरात ओटा कुठं असावा हे ठरवताना ती आत चहा का टाकत असते? मालकाला विचारल्याशिवाय आपण कोणाच्या घराला खिळा तरी मारतो का?

पैशांचं बोलायचं नव्हतं, पण बोलते, कारण माझ्यासारख्या घरी बसून काम करणाऱ्या पुष्कळ जणी हे वाचत असतील. प्लॅन काढणं म्हणजे ‘कॉम्प्युटरवर चार रेघा ओढणं’ असं लोकांना वाटतं. त्यात आपण बाई, त्यात घरून काम. ‘ताई, तुम्ही घरीच तर असता, जरा बदल करून द्या ना.’ असे ‘जरा’ मोजत गेलं तर एका घराला दहा-बारा होतात. फोनवर रात्री साडेदहाला निरोप येतो, जिना इकडचा तिकडं करा. जिना सरकला की खालचं बाथरूम सरकतं, कॉलम सरकतात, सगळंच सरकतं. म्हणून मी आता सुरुवातीलाच सांगते, निम्मे पैसे आधी, दोनदा बदल त्यात धरलेले, तिसऱ्या बदलापासून वेगळे पैसे. कागदावर लिहून देते. गंमत म्हणजे हे सांगायला लागल्यापासून लोक दोनच वेळात ठरवायला लागले! घासाघीस मात्र बायकाही करतात माझ्याशी, पुरुषांपेक्षा चिवट. त्यांना मी एक-दोनदा म्हटलंय, माझ्या कामाची किंमत तुम्ही कमी कराल आणि तुमच्या कामाची घरातले कमी करतील, तर आपण दोघी मिळून जायचं कुठं? हसल्या, पण पैसे पुरे दिले.

२०२० च्या डिसेंबरात राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि छोट्या प्लॉटवरच्या बांधकाम परवानगीची रीत बरीच सोपी झाली. ते उत्तम झालं. पण त्याचा अर्थ काही जण ‘आता प्लॅनची कटकट नाही’ असा घेतात आणि गवंड्यालाच सगळं सोपवतात. गवंडी बिचारा शेजारच्या घरासारखं घर बांधून देतो. शेजारच्या घरातली बाई कशी वैतागलीय ते त्याला कुठं माहीत!

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्याकडे घर बांधायचं चाललं असेल तर माझ्यासारखीची वाट बघू नका. सॉफ्टवेअरचीही गरज नाही. हौस असेल तर ‘स्वीट होम थ्री-डी’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर २००६ पासून मिळतंय, साध्या कॉम्प्युटरवर चालतं, मुलांना सांगा, ती बसवून देतील. फक्त त्यातही भिंतींची जाडी आणि ओट्याची उंची आधी बदलून घ्या. नाहीतर मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या. एक चौकट म्हणजे एक फूट. तीस बाय चाळीसच्या प्लॉटला तीस चौकटी आडव्या, चाळीस उभ्या. पानात मावत नसतील तर दोन पानं चिकटवा. आधी चालू घरातल्या वस्तू मोजा. पलंग, कपाट, फ्रिज दार उघडून, धान्याची पिंपं, शिवणयंत्र, पाट्यावर बसल्यावर आपल्याला लागणारी जागा. त्या त्या मापाचे कागदाचे तुकडे कापा नि पानावर सरकवून बघा. सकाळी उठल्यापासून आपण कुठून कुठं जातो ते बोटानं फिरवून बघा. दूध, पाणी, अंघोळी, डबे, धुणं, देवपूजा. बोट जिथं पुन्हापुन्हा अडतं तिथं प्लॅन बदलायचा. एवढं करून ठेवा, आणि पंचायत बसेल त्या दिवशी चहा मुलाला टाकायला सांगून वही घेऊन बाहेर या.

आणि हो, पेन्सिलच वापरा, पेन नको. खोडरबरही जवळ ठेवा, सासूबाईंनाही त्यात दोन रेघा बदलायच्या असतील.